शाळेच्या संगणकातली साळूबाईची ट्यूब

मी एक पिक्चर ट्यूब बोलतेय. बारा इंची, काळ्या-पांढऱ्या चित्राची. सध्या मुक्काम जालन्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ, एका भंगाराच्या आवारात. माझ्या एका बाजूला सायकलींच्या रिमा आहेत, दुसऱ्या बाजूला गंजलेले कूलर. इथलं लोखंड भट्टीत जातं आणि त्याच्या सळया होतात. माझं काहीच होत नाही. मानेवरचं तांबं तेवढं ओरबाडून घेतील आणि काच फेकून देतील. त्याआधी मला बोलायचं आहे. माझी कीव करू नका. मी सांगते ते नीट ऐका आणि ज्यांची नावं घेते ती लक्षात ठेवा.

आमच्या पोटात काही नसतं, हवासुद्धा नसते. कारखान्यात पडद्याला आतून पांढरी पूड लावतात, मागच्या बारीक मानेत एक तार बसवतात आणि पंपानं आतली सगळी हवा ओढून घेतात. तार तापली की पूड उजळते आणि तुम्हाला चित्र दिसतं. पडद्याची काच जाडजूड. मान मात्र बोटाएवढी, आणि तिची काच बांगडीसारखी नाजूक. तिथं केसाएवढी चीर पडली की हवा आत शिरते आणि आम्ही संपतो. स्फोट होत नाही, धूर निघत नाही. मानेत एक चांदीसारखा डाग असतो, तो दुधासारखा पांढरा पडतो. बस, तोच आमचा मृत्यूचा दाखला.

मी एका छोट्या टीव्हीत बसून १९८५ साली भोकरदनला आले. घर साळूबाईचं. ती जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायच्या कामाला होती. नवरा मुलगी लहान असतानाच वारलेला. मुलीचं नाव बेबीनंदा. ती जालन्याला राहून बी.एस्सी. झाली आणि मग औरंगाबादला जाऊन संगणकाचा कोर्स करून आली. भोकरदनमध्ये तेव्हा संगणक हा शब्द म्हणताना लोकांची जीभ अडखळायची. या मुलीला तो चालवता येत होता.

घरात माझा थाट होता. रविवारी सगळी गल्ली आत. चपलांचा ढीग दारात. एका शहाण्यानं जत्रेतून तीन रंगांचा प्लास्टिकचा कागद आणून माझ्यावर लावला होता. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. मग बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं आणि गळा हिरवा दिसायचा, आणि लोक म्हणायचे, रंगीत टीव्ही. शेजारचा कारभारी अँटिना फिरवायला पत्र्यावर चढायचा.

“आलं का?”

“न्हाई!”

“आता?”

“आल्तं, गेलं! हाय तसाच थांब, हलू नको!”

“मंग काय पिक्चर संपस्तोर हितंच उभा राहू? मला बी पाह्यचाय की!”

बातम्या देणारा बाप्या समोर आला की साळूबाई डोक्यावर पदर घ्यायची. बेबीनंदा हसायची. “आई, त्याला तू दिसत न्हाईस.”

“तुला काय ठाव? एवढा टक लावून पाहून राह्यलाय.”

अशी माणसं. मी त्यांच्यासाठी जळायचे आणि मला त्यात कमीपणा वाटत नव्हता.

आता शाळेकडे येते. गावातल्या एका संस्थेच्या मुलींच्या शाळेला १९८८ साली सरकारी योजनेतून एक संगणक मिळाला. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब, मुख्याध्यापक तातेराव. संगणक शिकवणारं माणूस हवं म्हणून त्यांनी बेबीनंदाला हंगामी घेतलं. काकासाहेब म्हणाले, “शिक्षण खात्याची पदाला मान्यता आली की तू कायम. शब्द देतो.” पगार म्हणजे चहापाण्याचा खर्च. पण मान्यता येणार होती, आणि या एका शब्दावर त्या मायलेकींचं सगळं घर उभं होतं.

संगणक ठेवला मुख्याध्यापकांच्या खोलीत. खोलीला कुलूप, किल्ली तातेरावांच्या खिशात. संगणकावर भरतकाम केलेलं कापड. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. पोरींनी तो पाहायचा खिडकीच्या गजांतून. बेबीनंदा फळ्यावर खडूनं कळफलक काढायची आणि पोरी वहीवर बोटं आपटून सराव करायच्या. तिनं किती वेळा किल्ली मागितली! तातेरावांचं उत्तर ठरलेलं. “बाई, एवढी महागाची वस्तू. पोरींनी बिघडवली तर जबाबदार कोण?”

बिघडवली कोणी, ते ऐका. मी हे बेबीनंदाच्या तोंडून ऐकलं, त्याच संध्याकाळी, माझ्यासमोर बसून ती आईला सांगत होती. खंडेनवमीला आपल्याकडे औजारांची, यंत्रांची पूजा करतात. त्याला माझी हरकत नाही. पण काकासाहेबांना फोटो हवा होता, पडदा उजळलेला असतानाचा. सकाळपासून संगणक चालू ठेवला. वर झेंडूचा जाड हार घातला, तो बरोबर हवा जायच्या जाळीवर. आतली ट्यूब तापून लाल व्हायची वेळ आली. बेबीनंदा म्हणाली, “काकासाहेब, पूजेपुरतं बंद तरी करू.”

“बंद मशीनची पूजा करत्यात का कुठं? मढ्याला हार घातल्यावानी?”

सगळे हसले. काकासाहेबांनी टेबलाच्या कडेवर नारळ फोडला आणि गाडीच्या टपावर ओततात तसं त्याचं पाणी पडद्याच्या डोक्यावर ओतलं. जाळीतून ते थेट तापलेल्या मानेवर. तडकन एक आवाज झाला. तो आवाज नारळाचाच, असं समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडदा विझला. फोटोत तो काळाच आला.

चार दिवसांनी तातेरावांनी बेबीनंदाला बोलावलं. पदाच्या मान्यतेसाठी शिक्षण खात्याचे साहेब येत्या पंधरवड्यात तपासणीला येणार होते.

“मशीनचा चार्ज तुमच्याकडे आहे, बाई.”

“चार्ज माझ्याकडे आणि किल्ली तुमच्याकडे?”

“मशीन चालू नसेल तर मान्यता नाही. मान्यता नाही तर तुम्ही नाही. माझं काय, मी गणित शिकवतो.”

नारळाचा विषय त्या खोलीत पुन्हा कुणी काढला नाही. कंपनीला पत्र लिहिलं असतं तर ट्यूब यायला उन्हाळा लागला असता.

बेबीनंदा जुन्या जालन्यातून मुनीरला घेऊन आली. मुनीर टीव्ही दुरुस्त करायचा आणि त्याहून जास्त बोलायचा. त्यानं आधी साळूबाईच्या घरी चहा घेतला, मग शाळेत जाऊन पाहून आला आणि परत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसला.

“गई, म्याडम. गर्दन में हवा घुस गई. बाकी माल बिलकुल टकाटक.”

“मंग काय करायचं, मुनीरभाई?”

“करना क्या है? बारा इंची कोणत्याही ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीची ट्यूब बसंल. सॉकेट सेम, साईज सेम. कंपनीवाले सांगत न्हाईत, मी सांगतो. फक्त ट्यूब आना.”

मग तो माझ्याकडे पाहू लागला. बेबीनंदानंही मान वळवली. आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. साळूबाई चुलीपाशी होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि म्हणाली, “घेऊन जावा.”

“आई, रविवारी सगळी गल्ली येती.”

“गल्लीला काय, दुसरं घर सापडंल. तुला दुसरी नोकरी सापडणार हाय का?” आणि मुनीरला म्हणाली, “फोडू नका बरं का भाऊ. माझी लेक कायम झाली की परत आणून लावा. नाहीतर मंग रंगीत घेऊ.”

“खाला, फूल जैसा ले जाता हूँ.”

त्यानं मला साळूबाईच्या गोधडीत गुंडाळलं आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधून नेलं. बेबीनंदा मागून मला धरून चालत होती.

शाळेत तातेराव दारात उभे. मुनीरनं संगणकाचं मागचं झाकण काढलं, स्क्रूड्रायव्हर सरकवून आत साठलेली वीज उतरवली. ठिणगी उडाली तसे तातेराव व्हरांड्यापर्यंत मागे गेले. मुनीरनं चार कोपऱ्यांचे स्क्रू सोडले आणि माझ्याआधीच्या हिरव्या ट्यूबला बाहेर काढलं. तिच्या मानेतला डाग पांढराफटक पडला होता. तिच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी उतरवून त्यानं माझ्या मानेत घातली. एखाद्याच्या अंगावरचा सदरा काढून दुसऱ्याला घालावा तशी. मला शिसारी आली. पण मला कोण विचारतं.

बटण दाबलं. मी तापले, उजळले. अक्षरं उमटली, पण डोक्यावर उभी.

“हे काय आणि?” तातेराव ओरडले.

“साहेब, मशीन शीर्षासन करून राह्यली. रुकिये.” मुनीरनं गुंडाळी अर्धा वळसा फिरवली आणि अक्षरं सरळ झाली. बेबीनंदानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडतेय की हसतेय, ते कळलं नाही.

पण तातेरावांना वेगळीच चिंता. “अहो, पडदा हिरवा होता. हा पांढरा दिसतोय. योजनेच्या पत्रात हिरवा लिहिलंय.” मुनीर म्हणाला, सरळ सांगा की ट्यूब बदलली. तातेरावांना सरळ सांगणं जमत नव्हतं, कारण मग का बदलली तेही सांगावं लागलं असतं. शेवटी गणपतीच्या आराशीतला हिरवा जिलेटिनचा कागद आणून माझ्या तोंडावर डिंकानं चिकटवला. साळूबाईच्या घरी मला रंगीत कागद लावला होता तो हौसेनं. इथं तो खोटं लपवायला लागला. कागद एकच, पण मला फरक कळत होता.

साहेब आले. आधी जेवले. बेबीनंदानं मुलींच्या गुणांची टक्केवारी काढणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. आदल्या दिवशी तासभर बसून तिनं तो चालवून पाहिला होता, तोही दारात तातेराव खुर्ची टाकून बसलेले असताना. ती म्हणाली, “सर, एक आकडा टाकून बघता का?”

“नको नको. चालू आहे ना? छान. हात लावून बिघडायला नको.”

साहेब उंबऱ्याच्या आतसुद्धा आले नाहीत. पायांत बूट होते आणि काढायचा कंटाळा. बाहेरूनच मान हलवली, शेरा लिहिला, ‘संगणक सुस्थितीत व चालू’. मान्यता मिळाली.

त्या दिवशी साळूबाईनं गल्लीत साखर वाटली म्हणे. मी तिथं नव्हते. कुलपाच्या आत होते.

महिन्याभरात मान्यतेचं पत्र आलं. पद मंजूर. त्या पदावर नाव वसंताचं. वसंता काकासाहेबांच्या बहिणीचा मुलगा. बी.ए. नापास होत होत झालेला. संगणकाचं त्याला एवढंच ठाऊक की तो विजेवर चालतो. बेबीनंदा खोलीत आली तेव्हा काकासाहेब, तातेराव आणि वसंता तिघेही बसलेले होते.

“काकासाहेब, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिल्ता ना. पण तुझं उद्या लगीन होईल, तू जाशील परगावी. पद मोकळं पडंल. संस्थेनं काय करावं? वसंता कुठं जात न्हाई.”

“त्याला येत काय?”

“तू शिकव की आठ दिवस. लेकराला तेवढं शिकवून जा.”

‘लेकरू’ खुर्चीत बसून सुपारी कातरत होतं.

आता मला सांगा, तुमच्या गावच्या सभेत हेच काकासाहेब मुलींच्या शिक्षणावर बोलतात तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवता की नाही?

चार्ज देण्यासाठी तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं. किल्ली पहिल्यांदा तिच्या हातात पडली, ती सोडून जाण्यासाठी. तातेराव गणिताच्या तासाला गेले होते. बेबीनंदानं कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि नववीच्या वर्गात जाऊन म्हणाली, “चला गं. सगळ्या. चपला घालूनच या.”

खोलीत पोरींची दाटी झाली. तिनं बटण दाबलं. माझ्या तोंडावरच्या हिरव्या कागदामागून मी जमेल तेवढा उजेड ओतला. एकेकीनं आपलं नाव टाईप केलं, इंग्रजी अक्षरांत. बोटं वहीवर शिकली होती, पण कळा खाली दबतात हे त्यांना नवीन होतं. एक म्हणाली, “बाई, ही तर आपोआप वर येती!” दुसरी म्हणाली, “माझं नाव पुसू नका, माझी बहीण यायलीय पाह्यला.” अनवरी नावाची मुलगी शेवटी बसली. तिची चार अक्षरं झाली होती, एवढ्यात व्हरांड्यात तातेरावांचा आवाज आला.

“कोणी उघडलं? कोणी उघडलं हे?”

“मी. शिकवतेय.”

“तुमचा इथं आता काही संबंध नाही!”

“मग पोरींचा तरी आहे का?”

त्यांनी मेन स्विच खाली ओढला. वीज गेली की चित्र आकसत आकसत पडद्याच्या मध्यावर एक ठिपका होतो आणि मग तोही जातो. अनवरीचं नाव असं गेलं. ती तरीही कळ दाबतच होती.

बेबीनंदानं किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाली, “सर, नोकरी ठेवा. ट्यूब तेवढी काढून द्या. ती माझ्या आईच्या टीव्हीची आहे.”

“शाळेच्या वस्तूला हात लावाल तर पोलिसात देईन.”

पुढची पंधरा वर्षं मी काय केलं, असं विचाराल तर काही नाही. वसंता रोज यायचा, कापड झटकायचा, वर्तमानपत्र वाचायचा, जायचा. त्याला बटण कुठं आहे ते माहीत होतं की नाही, याची मला शंका आहे. पाहुणे आले की भरतकामाचं कापड वर करून मला दाखवायचे आणि पुन्हा झाकायचे. शिपाई नंदाबाई झाडताना एकदा सांगत होती की साळूबाईनं टीव्हीचं रिकामं खोकं काढून टाकलं नाही, पोरगी कायम झाली की ट्यूब येईल असंच ती पुष्कळ दिवस म्हणत होती. तिला कोणी खरं सांगितलं नव्हतं, की सांगूनही तिनं ऐकलं नव्हतं, देव जाणे.

मग सरकारनं हुकूम काढला, सगळ्या कर्मचाऱ्यांनी संगणकाची परीक्षा द्यावी. संगणकशिक्षक वसंतरावांना घाम फुटला.

“सर, भोकरदनात एकच क्लास हाय. तिथं ती बेबीनंदा शिकवून राह्यली. मी कोन्त्या तोंडानं जाऊ?”

तातेराव निवृत्तीला आले होते. त्यांनी चष्मा पुसला. “अंबडला जा. तिथं कोण ओळखतंय तुला?”

वसंता अंबडला गेला, एस.टी.नं, दोन महिने. पास झाला, कसा ते विचारू नका. तातेरावांच्या निवृत्तीनंतर शाळेच्या सामानाचा ताबाही त्याच्याकडेच आला.

२००४ साली शाळेत नवे रंगीत संगणक आले आणि जुनं सामान भंगारात काढलं. मला व्हरांड्यात ठेवलं होतं, मोडक्या बाकांशेजारी. त्या दिवशी बेबीनंदा आली. केस पांढरे व्हायला लागले होते. वसंता यादीवर खुणा करत होता.

“या ताई. ट्यूब न्यायला आल्ता का? घेऊन जा. आता भंगारच हाय.”

“नको. आई गेली मागच्या साली. मला फक्त लिहून दे.”

“काय?”

“ही ट्यूब साळूबाईच्या टीव्हीची होती आणि तपासणीच्या दिवशी हीच चालू होती. दोन ओळी. शाळेचा शिक्का.”

वसंतानं आधी हसून घेतलं. मग त्याला उमगलं आणि त्याचं हसू विरलं. तो हळू आवाजात म्हणाला, “ताई, रेकॉर्डला ट्यूब बदललीच न्हाई. मूळचीच हाय. बदलली म्हणून लिहिलं तर मंग का बदलली, कोनी आनली, पद कशावर मंजूर झालं, सगळंच लिहावं लागंल. माझी पेन्शन हाय पुढं.”

“म्हणजे तुला माहिती होतं.”

“सगळ्यायलाच माहिती हाय. लिहून कोन देतं?”

ती माझ्याजवळ आली, मागच्या जाळीतून वाकून तिनं आत पाहिलं. माझ्या मानेतला डाग अजून चांदीसारखा होता, आजही आहे. मी मेले नाही, मला कुणी वापरलंच नाही. मग ती वळली आणि फाटकाबाहेर गेली. तिच्या क्लासची वेळ झाली असावी.

तर अशी मी. शाळेच्या कागदांत मी नाही. तिथं हिरवी ट्यूब अजून सुस्थितीत व चालू आहे, नारळाचं पाणी कुणी ओतलंच नाही, आणि वसंतराव अनुभवी संगणकशिक्षक आहेत. ज्यांना ठाऊक आहे ते लिहून देणार नाहीत आणि जिला लिहून हवं होतं तिला कुणी देणार नाही. म्हणून ते मीच देते. शिक्का नाही माझ्याकडे, तुम्ही साक्षीदार व्हा.

मी साळूबाईच्या टीव्हीची ट्यूब. बेबीनंदाची नोकरी पक्की व्हावी म्हणून साळूबाईनं मला दिलं. मुनीरनं मला बसवलं. तपासणीच्या दिवशी मी चालू होते, आणि माझ्या उजेडावर वसंता नोकरीला लागला.

तो हातोडीवाला आला. घाल बाबा घाव. माझं सांगून झालं.